सरळ रेघ

तिने टेबलाखाली वाकून बाबांच्या कॉम्प्युटरची वायर खेचून बघितली. घट्ट होती. जाळीवरची धूळ बोटाने पुसली. आत पंखा घरघरत होता. बाबा गेल्याला वर्ष होत आलं, तरी आईने हा बंद केला नव्हता.

"झालं का?" आई दारातूनच म्हणाली. खोलीत ती येत नसे.

"आता सुरू करते. याचे आकडे जुन्या सर्व्हरवरून नव्यावर पाठवायचेत. जुना बंद होतोय."

"जे काय असेल ते."

आईचं बोलणं असंच तुटक झालं होतं. शेजारणीशी ती हसायचीसुद्धा. लेकीशी मात्र कामापुरतं. दुःखाने माणूस असं होतं, अशी लेकीने स्वतःची समजूत घालून ठेवली होती.

यंत्रांची तब्येत बघणं हा तिचा पेशाच होता. कुठलं यंत्र किती तापलं, किती दमलं, मेमरी किती उरली, याचे आकडे मिनिटामिनिटाला एका डेटाबेसमध्ये जाऊन बसत, प्रत्येकावर वेळेचा शिक्का. पडद्यावर त्यांची रेघ होई. नोकरीसाठी ती लांबच्या शहरात गेली तेव्हा बाबांनी हट्टच धरला, माझाही कॉम्प्युटर जोड म्हणून. भाड्याच्या सर्व्हरवर तिने त्यांच्यासाठी एक छोटा डेटाबेस उघडून दिला.

"माझी नाडी बघायचे डॉक्टर पैसे घेतो, याची तू फुकट बघ," ते म्हणाले होते. "हा चालू म्हणजे मी चालू. बंद दिसला की समज, म्हाताऱ्याची वायर सुटली."

"जिभेला हाड नाही तुमच्या," आई तेव्हा म्हणाली होती, पण हसत.

तेव्हापासून ऑफिसात पोचलं की ती आधी ती रेघ बघायची. रेघ दिसली की जीव भांड्यात पडायचा. मग फोन राहायचा. संध्याकाळी करू. रविवारी करू.

आकडे सरकू लागले. नव्या पडद्यावर तिने अजून काहीच सजवलं नव्हतं. आकडा असेल तिथे रेघ, नसेल तिथे कोरं. न राहवून ती मागे गेली, बाबांच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत.

तिथे रेघ तुटली होती. बरीच जागा रिकामी, मग पलीकडे पुन्हा सुरू.

वाटेत आकडे सांडले असतील म्हणून तिने जुन्या डेटाबेसमध्ये शोधलं. तिथेही नव्हते.

"आई, बाबा जायच्या आधी हा बंद पडला होता?"

"पडला नव्हता. त्यांनी केला होता."

"का?"

आईने दाराची कडी उगाच वरखाली केली.

"छातीत कळ येत होती. मी म्हटलं, पोरीला फोन लावते. तर म्हणाले, फोन केलास तर रस्ताभर रडत येईल. त्यापेक्षा हा बंद करतो. तिला दिसेल, ती आपणहून विचारेल. मग बसलो वाट बघत. दुसऱ्या दिवशीही. 'कामात असेल गं,' म्हणाले. शेवटी मीच गाडी बोलावली. ते गेल्यावर परत लावला मी. तू बघत नाहीस हे कळलं होतं, तरी."

लेकीने जुना पडदा उघडला. तेच दिवस. तिथे रेघ होती, अखंड, शांत, पट्टीने ओढल्यासारखी सरळ.

हा जोडल्यावर पहिल्या महिन्यात इथली वीज जायची, रेघ तुटायची आणि भर मीटिंगमध्ये तिच्या छातीत धस्स व्हायचं. ऑफिसात साहेबांनाही तुटक्या रेघा खपत नसत. त्यांच्यासाठी ती जे करायची तेच तिने इथे केलं होतं. आकडा आला नाही, तर मागचाच पुढे ओढायचा. चालत्या यंत्राची रेघ कधी इतकी सरळ नसते, हे ती नव्याने लागलेल्यांना पहिल्याच दिवशी शिकवायची.

"आई, इकडे ये."

आई उंबऱ्याशी घुटमळली. मग आत आली.

"त्या दिवसांत मला हे दिसत होतं. सकाळी बघितलं, जेवून आल्यावर बघितलं. तुटली की मला धडकी भरायची, म्हणून मीच तसं करून ठेवलं होतं. तुटली तरी जोडून दाखव म्हणून. मीच, आई."

आईने चष्मा सारखा केला. ती सरळ रेघ तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटाने चाचपली, शिवण तपासावी तशी.

"म्हणजे बघत होतीस," ती म्हणाली.

बाबांची खुर्ची ओढून ती बसली.

आकडे पोचले. शेवटी पडद्यावर प्रश्न आला: रिकाम्या जागा भरायच्या का? 'हो'वर आधीच खूण होती. लेकीने ती काढली.

"हा बंद दिसला की आता मी लगेच फोन करेन," ती म्हणाली.

आईने मान हलवली. मग पडद्यावर खालपासून वरपर्यंत काहीतरी शोधलं.

"आणि तुझी कुठे दिसते?"

"माझी काय?"

"रेघ."