तांब्याच्या परातीतली थरथर

कर्वेनगरातील सुमेरू सोसायटीच्या वाहनतळात सकाळी सव्वासहाला दीडशे माणसे मांडी घालून बसली होती आणि कोणीही बोलत नव्हते. पुण्यात एवढी माणसे एकत्र जमावीत आणि कोणी कोणाची चूक काढू नये, हाच खरे तर पहिला चमत्कार. दुसरा अजून व्हायचा होता.

समोर चौरंगावर तांब्याची रुंद परात होती. तीत पन्नासएक मोबाइल मुके करून उपडे घातलेले होते. शेजारच्या टीव्हीवर डोंगलच्या इंटरनेटवरून एक कीर्तन चालू होते. त्याच्या पुढ्यात व्याघ्रासनाच्या छापाच्या सतरंजीवर स्पंदनानंद महाराज डोळे मिटून बसले होते.

"बाळांनो, वर गच्चीवर पाहा," महाराज म्हणाले. "तो टॉवर नव्हे, लोखंडी राक्षस आहे. तुम्ही झोपता तेव्हा त्याच्या तामस लहरी तुमच्या क्वांटम प्राणाला भोकं पाडतात. डॉक्टर म्हणतात कारण सापडत नाही. कसं सापडेल? कारण गच्चीवर आणि डॉक्टर दवाखान्यात!"

लोक माना डोलावीत होते. मागच्या रांगेतून मुक्ताई आजी म्हणाल्या, "महाराज, जमलं तर तिसऱ्या मजल्यावरचं ते ड्रिलही थांबवा. टॉवरपेक्षा त्याचाच त्रास आहे."

महाराजांनी ते ऐकले नाही असे दाखवले आणि मंत्र आरंभला. पहिल्या खेपेस तो तीन आवर्तनांत संपला होता, दुसऱ्या खेपेस अकरा लागली होती. आज सातव्या आवर्तनाला टीव्हीवरील कीर्तनकार हात वर केलेल्या स्थितीतच थिजले. पडद्याच्या मध्यावर ते लहानसे चक्र गरगरू लागले.

"लहरी स्तब्ध!" महाराज गरजले.

दीडशे हात जोडले गेले. त्यांत अभय घैसासचेही होते. त्याच्या मागे बसलेले त्याचे वडील, निवृत्त संस्कृतशिक्षक सीतारामपंत, यांनी मात्र या तिसऱ्या खेपेस हात मांडीवरच ठेवले.

पहिल्या खेपेस त्यांनीही ते जोडले होते. आयुष्यभर ज्यांनी सूर्योदयापूर्वी स्नान करून पोथीला नमस्कार केला, त्यांना घंटा, धूप आणि मिटलेले डोळे यांपुढे हात जोडण्यास विचार करावा लागत नाही. हात आपोआप जुळतात. परंतु दुसऱ्या खेपेस पंतांनी मंत्र नीट ऐकला. महाराज धीरगंभीर स्वरात म्हणत होते, "देवेन, देवाभ्याम्, देवैः..." तीस वर्षे आठवीच्या मुलांकडून घोकून घेतलेली 'देव' शब्दाची रूपे, तीच येथे लहरीस्तंभनाचा गुप्त मंत्र म्हणून धुपाच्या वासात न्हाऊन निघत होती.

पंत तेव्हा बोलले नाहीत, कारण त्यांनी अभयचा चेहरा पाहिला होता.

अभयची मुलगी चैताली अकरा वर्षांची. सातव्या वर्षी तिला पहिली आकडी आली. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ गोळी सुरू केली आणि पुढची चार वर्षे सुखाची गेली. यंदा श्रावणात मात्र तापात तिला पुन्हा आकडी आली. त्याच आठवड्यात गच्चीवरील टॉवरला नवी तबकडी बसली. हिंजवडीच्या कंपनीत संगणकातील चुकांची कारणे शोधण्याचाच ज्याचा व्यवसाय, त्या अभयने आपल्या मुलीच्या बाबतीत मात्र लागोपाठ घडलेल्या दोन गोष्टींची गाठ क्षणात बांधून टाकली. महाराजांनी ती घट्ट केली. चार स्तंभने झाली की मूळ कारण जाईल. मात्र औषध पोटात असेपर्यंत मंत्राचे कवच लागू होत नाही, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या स्तंभनानंतर अभयने गोळ्या बंद केल्या. त्याला आज सहा दिवस झाले होते.

"अभय, डॉक्टरांना निदान एकदा विचार," जिना चढताना पंत म्हणाले.

"बाबा, सहा दिवसांत काही झालं का? नाही ना? आणि टीव्ही तुमच्यादेखत थांबला."

"टीव्ही थांबला. रोग थांबला, हे तू कुठं पाहिलंस?"

"प्लीज, बाबा. तुम्हीच लहानपणी शिकवलंत, श्रद्धा ठेवावी म्हणून."

दारात सून नंदा उभी होती. तिने दोघांकडे पाहिले आणि ती आत गेली. फ्रिजच्या वर गोळ्यांचे पाकीट तसेच होते.

त्याच दिवशी अकराच्या सुमारास दाराची घंटा वाजली. डोक्यावर पिवळे शिरस्त्राण आणि खांद्याला लॅपटॉपची पिशवी असलेली तिशीतली एक बाई बाहेर उभी होती.

"आजोबा, त्रास देते. वरच्या मजल्यावर तुमचंच दार उघडं दिसलं. बाटलीभर पाणी मिळेल का? माझी माणसं गच्चीवर उन्हात आहेत."

"या, आत या. आपण टॉवरच्या कामावर?"

"हो. आम्रपाली रणपिसे. टॉवरच्या मागच्या वाटेचं काम माझ्याकडे आहे."

"टॉवरला मागची वाट असते?"

ती हसली. "लोकांना पुढचीच दिसते. तुमच्या सोसायटीची टाकी धरा. घरोघरी मोठे नळ बसवले, पण टाकीत पाणी आणणारी नळी बोटभरच राहिली, तर सगळ्यांनी एकदम नळ सोडल्यावर काय होईल?"

"धार बारीक होईल."

"तसंच झालंय. पूर्वी लोक फोनवर नुसते बोलायचे. आता सगळे व्हिडिओ बघतात. मोबाइलपासून टॉवरपर्यंतच्या लहरी ठीक आहेत. पण टॉवरकडून पुढे, टेकडीपलीकडच्या मोठ्या केंद्रापर्यंत, सगळं वाहून नेणारी वाट अरुंद पडली. ती रुंद करतोय. नव्या तबकड्या बसवून त्यांवर इंटरनेट हलवायचं. अशा चार सकाळी लागतात. आज तिसरी झाली."

पाण्याचा तांब्या पंतांच्या हातात तसाच राहिला.

"सकाळीच का?"

"आमच्या टोळीतल्या कासिमभाईंना खांबावर चढायला उजेड हवा, आणि त्या वेळी लोक इंटरनेट कमी वापरतात. साडेसहा ते सव्वासात आम्ही ते बंद ठेवतो." तिने तांब्या हळूच त्यांच्या हातातून घेतला. "आजोबा, पण तुम्हाला हे नवीन कसं? प्रत्येक वेळी दोन दिवस आधी तुमच्या सेक्रेटरींना पत्र देते मी. चार सकाळी लागतील, हे पहिल्याच पत्रात होतं. गच्चीची किल्ली त्यांच्याकडूनच घ्यावी लागते. ते नोटीस लावत नाहीत का?"

सेक्रेटरी बद्रीनाथ. महाराजांच्या उजव्या हाताला बसून परातीत मोबाइल गोळा करणारे.

पंत जिना उतरून सूचनाफलकापाशी गेले. सुमेरू सोसायटीत पायपुसणे कोणत्या बाजूला झटकावे याची सूचना होती. दूधवाल्याने घंटा किती वेळ दाबावी याची होती. कबुतरांना दाणे घालणाऱ्यांसाठी तर तीन होत्या, शेवटची लाल शाईत. आणि सगळ्यांचे इंटरनेट पाऊण तास बंद पडणार, याची मात्र तीन वेळांत एकदाही सूचना लागली नव्हती! जी सोसायटी काहीही कळवल्यावाचून राहत नाही, तिने हे एकच का गिळावे? पंतांना त्या रिकाम्या जागेत सगळा चमत्कार स्वच्छ दिसला.

ते पुन्हा वर आले. आम्रपालीला त्यांनी परात, टीव्ही आणि चैतालीच्या गोळ्या, सारे सांगितले. तिचा चेहरा कठोर झाला.

"म्हणजे कासिमभाई तबकडी जुळवतात आणि पुण्य महाराजांना? आजोबा, आम्ही बंद करतो ती फक्त इंटरनेटची मागची वाट. बोलण्याची वाट वेगळी आहे, ती चालूच असते. टॉवरच्या लहरी तर क्षणभरही थांबत नाहीत. मोबाइलवरच्या त्या उभ्या रेघा बघा, त्या भरलेल्याच असतील. फोनही लागेल."

"लागेल?"

"हमखास. चौथी सकाळ परवाची आहे. मी गच्चीवरून तुम्हाला फोन लावते. तुमचा मोबाइल परातीत ठेवा."

ती निघताना दारात थांबली. "पण मुलीच्या गोळ्यांचं आजच बोला. परवापर्यंत थांबू नका."

पंत थांबले. अभय सांगून ऐकणार नाही, दीडशे माणसांसमोर सिद्ध झाले तरच ऐकेल, असे त्यांनी स्वतःला समजावले. ते खोटेही नव्हते. परंतु त्यामागे दुसरेही काही होते. शब्दरूपांचा अपमान त्यांच्या मनात सलत होता आणि त्या माणसाला भर सभेत निरुत्तर झालेले पाहावे, अशी त्यांची इच्छा होती.

चौथ्या सकाळी वाहनतळ अपुरा पडला. चैतालीला वर घरात "शुद्ध झालेल्या" हवेत निजवून ठेवण्याची आज्ञा होती, म्हणून नंदा तिच्यापाशी होती. बद्रीनाथ परात घेऊन फिरले. अभयने आपला मोबाइल ठेवला, पंतांनी आपला जुना बटणांचा.

"देवस्य, देवयोः, देवानाम्..."

नवव्या आवर्तनाला चक्र फिरू लागले.

"लहरी स्तब्ध! चार स्तंभने पूर्ण! या वास्तूत आता एकही लहर उरली नाही!"

आणि परात वाजली.

मुका केलेला मोबाइल तांब्यावर थरथरू लागला, तसा भोवऱ्यासारखा घुंघुं नाद वाहनतळभर पसरला. लोक दचकले. महाराजांनी एक डोळा उघडला.

"घाबरू नका! राक्षस परातीतून बाहेर पडतोय. कोणी हात लावू नका!"

पंत समाधानाने उठले. आम्रपालीने वेळ अचूक साधली होती.

"राक्षस नाही, महाराज, फोन आहे," ते मोठ्याने म्हणाले. "लहरी थांबल्यात ना? मग हा आला कशावरून?"

कोणीतरी हसले. पंतांनी परातीत हात घातला. त्यांचा स्वतःचा मोबाइल गार आणि निश्चल होता. थरथरत होता तो शेजारचा, अभयचा. त्यांनी तो उलटा केला. पडद्यावर नाव होते: नंदा.

त्यांनी बटण दाबले.

"अहो, लवकर वर या! चैतूला आकडी आलीय, थांबतच नाहीये, अहो..."

"नंदा, मी बोलतोय. तिला कुशीवर वळव. तोंडात काही घालू नकोस, कांदा हुंगवू नकोस. आलो." त्यांनी मोबाइल मुलाच्या हातात दिला. "चल. गाडीची किल्ली घे."

अभय हातातल्या मोबाइलकडे पाहत राहिला. कोपऱ्यात त्या उभ्या रेघा होत्या, पाचच्या पाच, भरलेल्या. तो धावत सुटला.

बद्रीनाथ म्हणाले, "श्रद्धा कमी पडली असेल..."

"बद्रीनाथ," मुक्ताई आजी उठल्या, "गप्प बसा आणि ती परात वाटेतून उचला. पोरीला खाली आणायचंय."

तेवढ्यात परातीत दुसरा मोबाइल थरथरला. तो पंतांचा होता. गच्चीवरून आम्रपाली ठरल्याप्रमाणे फोन करीत होती. तो उचलण्यास पंत तेथे नव्हते.

ती पाच मिनिटे वाट पाहून खाली आली, तेव्हा गाडी फाटकाबाहेर पडत होती. तिने जमलेल्यांना आपली चारही पत्रे दाखवली. प्रत्येक पत्रावर तारीख, वेळ आणि मिळाल्याची सही होती. लोकांनी ती शांतपणे वाचली आणि मग ज्याचे त्याचे मोबाइल परातीतून उचलले. महाराज सतरंजी गुंडाळण्याकरितादेखील थांबले नाहीत.

चैताली वाचली. दोन दिवस अतिदक्षता विभागात राहिली. तिसऱ्या दिवशी तिने आजोबांना ओळखले. "आजोबा" हा शब्द मात्र तिला बराच वेळ सापडेना.

डॉक्टरांनी अभयला बाजूला घेतले. "ही गोळी अशी एकाएकी थांबवत नाहीत. पुढच्या वेळी शंका आली तर मला रागावा, पण मला विचारा."

बाहेरच्या बाकावर अभय वडिलांशेजारी बसला. "बाबा, मी मूर्ख आहे."

"मला दोन दिवस आधी सगळं कळलं होतं," पंत म्हणाले.

अभयने मान वर केली.

"टॉवर, सेक्रेटरी, पत्रं, सगळं. ती मुलगी म्हणालीसुद्धा, आजच बोला. पण मला सभेत जिंकायचं होतं. तू महाराजांपुढं बसलास, मी माझ्या हुशारीपुढं बसलो. मधल्या मधे पोर भरडली."

आत नंदाने गोळी आणि पाण्याचा पेला पुढे केला. चैतालीने तोंड वाकडे करून गोळी गिळली. दाराच्या काचेतून दोघांनी ते पाहिले.

त्या आठवड्यात सुमेरू सोसायटीच्या फलकावर, कबुतरांच्या सूचनांखाली, वळणदार अक्षरातील एक नवा कागद लागला:

"सर्व सभासदांस विनंती. गेल्या चार खेपांस आपले इंटरनेट कामगारांनी तबकडी बदलण्याकरिता बंद केले होते. कासिमभाई खांबावर चढले होते आणि खाली आपण त्यांचे श्रेय दुसऱ्यास दिले. टॉवरच्या लहरी एक क्षणही थांबल्या नव्हत्या. यापुढे कोणी चमत्कार दाखविल्यास, तो होण्यापूर्वी गच्चीची किल्ली कोणी नेली होती, एवढे आधी पाहावे. कोणी औषध सोडण्यास सांगितल्यास उठून घरी यावे व डॉक्टरांस विचारावे. नमस्कार अवश्य करावा. मात्र तेवढ्याकरिता डोळे मिटण्याची आवश्यकता नाही. जे कळले ते त्याच दिवशी सांगावे, उद्यावर ठेवू नये. हे शेवटचे वाक्य लिहिणाऱ्याने स्वतःकरिताही लिहिले आहे.

सीताराम घैसास, ब-१४. (पहिल्या दिवशी मीही हात जोडले होते.)"