मी दुर्बिणीतली भित्री फुली

मी एक फुली बोलतेय. बाई चुकलेल्या गणितावर मारतात ती नव्हे. रायफलवर जी दुर्बीण बसवतात तिच्या काचेवर कोरलेली मी. शिकारी डोळा लावतो तेव्हा सगळं जग त्याला माझ्यामागे दिसतं. माझे चारही हात कडेला जाड आणि मध्यावर केसासारखे बारीक. स्वभावाने मी पहिल्यापासून भित्री. हसू नका. ज्याच्यावर मला टेकवतात तो पुढच्या क्षणी उरत नाही. मग मला भीती वाटू नये तर काय?

एडिनबराच्या एका दुकानात आम्ही बहिणी शेजारी शेजारी होतो. एक सगळीकडून बारीक, लख्ख उन्हात लांबच्या सशावर टेकवायची. दुसरीच्या अंगावर ठिपक्यांची माळ, अंतराचा अंदाज घ्यायला. तिसरी तीन जाड खांबांची, जर्मन घाटाची. तिन्हीसांजेला रानडुकराच्या काळ्या अंगावरही ती उठून दिसे. मी आपली हरणांसाठी, दिवसाउजेडी. अंधारून आलं की माझा बारीक मध्य कुठे विरतो ते माझं मलाच कळत नाही.

२००४ साली मला डॉक्टर शशींनी घेतलं. मूळचे नागपूरचे, इथल्या इस्पितळात भूलतज्ज्ञ, ज्यांच्या घरी अंडंसुद्धा शिजत नसे असे. इस्पितळातल्या आयन नावाच्या सहकाऱ्याने त्यांना शिकारीचा नाद लावला. त्यांच्या पत्नी अनुराधाबाईंनी कपाळावर हात मारला.

“अहो, तुमच्या आईंचा फोन आला तर काय सांगू?”

“डियर मॅनेजमेंट म्हणतात त्याला, अनु. हरणं फार वाढली की कोवळी झाडं जगत नाहीत. लायसन्स आहे, ट्रेनिंगही पूर्ण केलंय.”

आयनने एक नियम त्यांच्याकडून घोकून घेतला होता. बघायचं असेल तर गळ्यात अडकवायच्या, दोन डोळ्यांच्या दुर्बिणीतून बघायचं. नुसतं बघायला रायफल कधीच उचलायची नाही, कारण जिकडे डोळा तिकडे नळी. हा नियम ऐकून मला जरा धीर आला होता.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी आम्ही दक्षिण स्कॉटलंडमधल्या बॉर्डर्स भागातल्या जंगलात गेलो. अनुराधाबाई सोबत आल्या होत्या. तळ्याकाठी गाडीत बसून कंटाळतील म्हणून डॉक्टरांनी गळ्यातली दुर्बीण त्यांना दिली, पक्षी बघायला. बायकोवरच्या मायेपोटी नियम गाडीतच राहिला. मला तेव्हाच धस्स झालं.

मचाणावर दोन तास गेले. सूर्य मावळला. परतायची वेळ टळून गेली होती, पण डॉक्टरांचा पाय निघेना. तेवढ्यात समोरच्या वाळलेल्या नेच्यात काहीतरी हललं. तपकिरी अंग, मागे पांढरा ठिपका. इथल्या लहान हरणांची मादी अशीच दिसते. डॉक्टरांचा हात गळ्याकडे गेला, रिकामा परतला, आणि त्यांनी रायफल उचलली. नुसतं बघायला.

मी त्या तपकिरी अंगावर जाऊन बसले. सेफ्टीचा खटका सरकल्याचा आवाज आला. नुसतं बघायला सेफ्टी कशाला काढायची? मला कंठ असता तर मी किंचाळले असते. ते अंग वाकलं, थांबलं, पुन्हा चालू लागलं. चाल हरणाची वाटेना. डॉक्टरांचा श्वास रोखलेला, बोट आत वळलेलं. आणि मी विरत चालले होते. जाड हात दिसत होते, मध्य दिसत नव्हता. डॉक्टर डोळा बारीक करून मला शोधत होते. आयुष्यात पहिल्यांदाच मी स्वतःला मनापासून म्हटलं, सापडू नको.

“अहो, वर आहात का? फोन लागेना तुमचा.”

तपकिरी कोट. पांढरा स्कार्फ.

डॉक्टरांनी रायफलमधल्या गोळ्या काढल्या. एक गोळी खाली पडली. ती शोधायला ते खाली उतरले आणि तिथेच बसले.

“काय झालं? मिळालं नाही का काही?” बाईंनी विचारलं.

“तुला बघत होतो मी,” ते म्हणाले. “रायफलमधून.”

बाईंनी गळ्यातली दुर्बीण काढून त्यांच्या गळ्यात घातली.

रायफल विकली गेली. मी मात्र माझ्या दुर्बिणीसकट स्वयंपाकघराच्या खणात राहिले. एका रविवारी सकाळी बाईंनी मला बाहेर काढलं. डॉक्टर परसात पानं गोळा करत होते. बाईंनी खिडकी उघडली आणि मला डोळ्याला लावलं. त्यांच्या श्वासाने काच धुरकटली, मग निवळली. आता मी डॉक्टरांच्या छातीवर होते.

“अहो, तुमच्या स्वेटरचं तुटलेलं बटण दिसतंय यातून,” बाई म्हणाल्या. “एवढं जवळ दिसतं. मग मी कशी दिसले नाही तुम्हाला?”

डॉक्टर हातातली पानं तशीच धरून उभे राहिले.

“मी हरीण शोधत होतो, अनु.”

बाईंनी मला खाली ठेवलं. वाचकहो, आता मी या खणात पडून असते आणि हात जोडून एवढंच मागते, मला पुन्हा कुणाच्या डोळ्याला लावू नका. मी नेम दाखवते. समोर कोण आहे, ते मला कधीच सांगता आलं नाही.