झरोक्यावरचं प्लास्टिक

कंधारच्या बसस्टँडमागे खाजाचं दुकान होतं. तिथं तो ऑटोरिक्षांचे हूड, सीटकव्हर आणि पावसाळी पडदे शिवायचा. तीस वर्षं हेच काम. त्याच्या हातचा पडदा लावलेल्या रिक्षात पाणी शिरलं, असं कुणी म्हणालं तर खाजाला त्या दिवशी घास गोड लागायचा नाही. दुसऱ्या दिवशी तो त्या रिक्षावाल्याला हाक मारून बोलवायचा आणि फुकटात नवा पडदा लावून द्यायचा. माणूस तसा मवाळ, पण आपल्या कामात फट राहिली हे ऐकून घ्यायची त्याची तयारी नसे.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शेषेराव दुकानात आले. तळ्याच्या बाजूला त्यांचं घर, गावाबाहेर शेती, आणि खाजाशी शाळेपासूनची ओळख.

"खाजाभाई, रिक्षाचं राहू द्या. घराला पडदा लावायचाय."

"घराला?"

शेषेराव स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. त्यांची लेक सुकन्या, लातूरला दिलेली, आठव्या महिन्यातच बाळंत झाली. नांदेडच्या दवाखान्यात लेकरू पंधरा दिवस काचेच्या पेटीत होतं. काल घरी आणलं. वजन एक किलो नऊशे. डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावल्या होत्या. लेकराला गार वारं लागता कामा नये. सकाळ-संध्याकाळ उजेडात त्याचा रंग बघायचा, पिवळा किंवा निळसर वाटला तर तसंच उचलून आणायचं. आणि खोलीत धुरी-बिरी अजिबात नको.

"आता आमच्या खिडक्यांना काचा न्हाईत. नुसत्या फळ्या, त्या बी वाकलेल्या. उघड्या ठेवल्या तर तळ्यावरचं वारं थेट बाजेवर. लावल्या तर फटीतून येतंयच, वर अंधार. आमच्या हिनं पोतं कोंबलंय फटीत. आता मोबाईलची बत्ती लावून लेकराचा रंग बघून राहिलो. त्या बत्तीत समदेच पिवळे दिसतात. मी बी पिवळाच दिसतो."

खाजा हसला, पण एक किलो नऊशे हा आकडा त्याच्या डोक्यात बसला. त्याच्या दुकानातली रेग्झिनची पिशवी त्याहून जड भरायची.

दुपारी तो पारदर्शक प्लास्टिकचा रोल, लाकडी पट्ट्या, दोन्हीकडून चिकटणारी टेप आणि बायकोचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन शेषेरावांकडे पोचला. ड्रायर देताना जाहिदानं, "जाळून आणलात तर नवा घ्यावा लागंल," एवढं सुनावलंच होतं. सुकन्येला लेकरासकट मधल्या घरात हलवलं होतं. शेषेरावांची बायको कस्तुराबाई दारात उभी राहून एकेक गोष्ट न्याहाळत होती. घरचा कारभार तिच्या हातात होता आणि शेषेरावांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

खाजानं दोन्ही खिडक्यांची पोती उपसली, फळ्या सताड उघडल्या आणि चौकटीला आतून पट्ट्या ठोकून प्लास्टिक बसवलं. ड्रायरच्या गरम हवेनं ते नरम पडलं की ताणायचं, मग टाचायचं. एक सुरकुती राहू दिली नाही. काम झाल्यावर त्यानं उदबत्ती पेटवून चौकटीभोवती फिरवली. धूर सरळ वर गेला, जरासुद्धा हलला नाही. खोलीत ऊन पसरलं होतं आणि वारं मात्र बाहेरच अडलं होतं. शेषेरावांनी बाहेरून येऊन प्लास्टिकवर टिचकी मारून पाहिली.

"तेवढा झरोका असू द्या, खाजाभाई," कस्तुराबाई जाता जाता म्हणाली. "शेगडीची हवा तिकडून जाती."

"हाव, वैनी."

ती चहा टाकायला गेली. खाजानं सवयीनं उदबत्ती भिंतीकडेला नेली. छताखालच्या त्या वीतभर झरोक्याखाली धूर एकदम खाली दबला आणि बाजेच्या दिशेनं पसरला. हात धरला तर गार धार सरळ लेकराच्या उशाशी. म्हणजे एवढं सगळं करून फट राहिलीच होती. खाजाला ते बघवेना. डॉक्टरांनी धुरीला नाही म्हटलंय, मग शेगडी तरी कशाला पेटेल, असा त्यानं विचार केला. खरं तर विचार नंतर केला, आधी स्टूल ओढलं. पाच मिनिटांत झरोक्यावर प्लास्टिक बसलं. खालून पाहिलं तर तिथं काही लावलंय हे त्याचं त्यालाही दिसेना.

चहा पिताना सांगू, असं त्यानं ठरवलं होतं. पण चहाबरोबर कस्तुराबाईचं कौतुक आलं. शेजारच्या बसम्मा खोली बघायला आल्या, त्यांनीही कौतुक केलं. एवढ्या कौतुकात झरोक्याचं सांगायचं राहून गेलं. सांगितलं तर कस्तुराबाई तो उघडायला लावील, हेही त्याला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला तो परत तिकडं गेला. चुन्याच्या भिंतीवर टेप रात्रभर टिकली का, हे बघायचं होतं, असं तो जाहिदाला सांगून निघाला. शिवाय आपलं काम आणखी एकदा बघावं, असं मनात होतंच.

कस्तुराबाई अंगणात लंगोट वाळत घालत होती. चेहरा एकदम खुलला होता.

"या, खाजाभाई. लई गुण आला बघा तुमच्या हाताला. सकाळी न्हाऊ-माखू घातलं, शेकलं, दीड घंटा झाला, दोघं बी गाढ झोपलेत. पंधरा दिवसांत पोरगी अशी झोपली न्हवती. लेकरू बी रडंना, दूध मागंना."

"शेकलं मंजे? शेगडी लावली?"

"धुरी न्हाई हो. डॉक्टर न्हाई म्हणलाय ना. नुसते निखारे, चांगले लाल करून बाजेखाली ठेवलेत. धुराचं नाव न्हाई. दार लावून घेतलंय, अन् झरोका हायच की उघडा."

खाजाच्या तोंडचं पाणी पळालं. एकदा पावसाच्या दिवसांत दुकानाचं शटर खाली ओढून तो कोळशाच्या इस्त्रीनं रेग्झिनच्या घड्या मोडत बसला होता. धूर नव्हता, वास नव्हता. फक्त गोड झोप यायला लागली होती. शेजारच्या सायकलवाल्यानं सहज म्हणून शटर वर केलं, म्हणून तो आज जिवंत होता. बंद खोलीत निखारा धुरापेक्षा वाईट असतो हे त्याला माहीत होतं. कस्तुराबाईला माहीत नव्हतं. तिच्या आईनं असंच केलं होतं आणि आजीनंही, पण त्यांच्या खोल्यांना शंभर फटी होत्या.

बाळंतिणीच्या खोलीत परपुरुषानं डोकावायचं नसतं. तरी खाजा खिडकीशी धावला. न्हाणीच्या वाफेनं प्लास्टिक आतून धूसर झालं होतं, खालची एक पट्टी तेवढी साफ होती. तिच्यातून सुकन्या दिसली. तोंड अर्धवट उघडं, चेहरा लालबुंद, हात बाजेवरून खाली लोंबलेला. त्यानं गजांतून हात घालून प्लास्टिकवर दणादण थापा मारल्या. पोरगी हलली नाही.

त्यानं खिशातलं कटर काढलं आणि प्लास्टिक या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फाडलं. आतली गरम हवा तोंडावर आली.

"वैनी, दार उघडा. दोघांला बाहेर घ्या. पयले बाहेर घ्या, मग इचारा."

कस्तुराबाईच्या हातातला लंगोट खाली पडला. ती धावली, शेषेराव ओसरीवरून धावले आणि त्यांच्या मागून खाजा. कस्तुराबाईनं लेकरू उचललं आणि समोर जे हात आले त्यांत दिलं. ते खाजाचे होते. मग नवरा-बायकोनं मिळून लेकीला ओढत अंगणात आणलं.

लेकरू निपचित पडलं होतं. खाजा तळ्याकडे तोंड करून उभा राहिला आणि त्यानं लेकराच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं. ज्या वाऱ्याला अडवण्यासाठी काल त्यानं अख्खी दुपार घातली होती, तेच वारं आता यावं म्हणून तो मनातल्या मनात दुवा मागत होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. लेकराचं नाक हललं, ते शिंकलं, आणि मग एवढ्याशा जिवातून एवढा मोठा आवाज निघाला की गल्लीतली माणसं गोळा झाली. तो तसाच लेकराला धरून जोत्यावर बसला आणि रडला. लाज वाटायला वेळच नव्हता.

तिकडं सुकन्येला दोनदा उलटी झाली. "डोकं फुटून राहिलं गं माय," ती पुटपुटली. ते ऐकून कस्तुराबाईला इतकं बरं वाटलं की तिनं लेकीच्या गालाचे मुके घेतले.

खाजाच्या एका फोनवर दोन रिक्षा दारात आल्या. गावातल्या सरकारी दवाखान्यात दोघांना ऑक्सिजन लावला. दुपारी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, धोका टळलाय, वेळेवर आणलंत, उद्या सकाळी घरी न्या. शेषेराव भिंतीला टेकून डोळे मिटून उभे राहिले. मग जो भेटेल त्याला सांगत सुटले, "हे खाजाभाई. यांनीच वाचवलं. देवानंच पाठवलं यांला." लातूरहून जावई वैजनाथ निघाला होता, त्यालाही फोनवर हेच सांगितलं. खाजा मान खाली घालून ऐकत होता.

कस्तुराबाई मात्र बाकड्यावर एकटीच बसली होती. "मीच केलं," ती म्हणत होती. "माझ्या हातानं निखारे ठेवले. माझ्याच हातानं दार लावलं." मध्येच तिनं डॉक्टरांना विचारलं, "पण झरोका उघडा हुता की हो, डॉक्टर. तरी कसं झालं?" डॉक्टर म्हणाले, तेवढ्यानं भागलं नसेल. तिनं मान हलवली आणि परत तेच म्हणायला लागली.

शेषेरावांनी खाजाला घराची किल्ली दिली. सुकन्येचं लुगडं आणि लेकराची दुपटी आणायची होती.

खोलीत आता कुणी नव्हतं. शेगडी विझली होती, फाडलेलं प्लास्टिक वाऱ्यानं फडफडत होतं. खाजानं कपडे गोळा केले आणि वर पाहिलं. झरोका उघडा दिसत होता. स्टूल ओढून त्यानं प्लास्टिक चार बाजूंनी कापलं, टेप खरवडली. हातात वीतभर तुकडा आला. बाहेर नाली होती. टाकला असता तर कुणाला कधी कळलं नसतं. गावभर त्याचं नाव झालं होतं, ते तसंच राहिलं असतं. आणि ती बाई, मीच माझ्या हातानं लेक-नातवंड मारायला निघाले होते, असं समजत उरलेलं आयुष्य काढणार होती. खाजा स्टुलावरून खाली उतरला. मग त्यानं तुकड्याची घडी घातली आणि दुपट्यांवर ठेवली.

चार वाजता तो दवाखान्यात कस्तुराबाईसमोर उभा राहिला.

"वैनी, झरोका उघडा न्हवता. मी बंद केलता. तुम्ही नको म्हणल्यावर केलता, अन् सांगितलं बी न्हाई."

तिनं तुकडा घेतला, उलगडला, खिडकीच्या उजेडात धरला. पलीकडचं लिंबाचं झाड पानापानानं दिसत होतं.

"मला दिसलंच न्हाई," ती हळू म्हणाली.

आणि मग तिनं तोंड सोडलं. पडदे शिवणाऱ्यानं पडदे शिवावेत, दुसऱ्याच्या घरात आपली अक्कल पाजळू नये. नको म्हटलेलं कळत नाही का. आपल्या कामाचा एवढा गर्व, की सांगायला सुद्धा तोंड उघडलं नाही. लेकराला काही झालं असतं तर कुठं लपला असतास. अहो-जाहो केव्हाच गळून पडलं होतं. वॉर्डातली माणसं वळून बघायला लागली. शेषेराव "अगं, अगं" करत मध्ये आले तेव्हा, "तुम्ही गप बसा," म्हणून त्यांनाही त्यातला वाटा मिळाला. खाजा हात जोडून ऐकत राहिला. सकाळपासून सगळे त्याला देवमाणूस म्हणत होते, त्या प्रत्येक शब्दानं त्याचा जीव घुसमटला होता. आता एकेका शिवीबरोबर त्याला मोकळा श्वास घेता येत होता.

बोलून बोलून कस्तुराबाई दमली. पदरानं डोळे पुसले.

"सकाळपासनं मला वाटून राहिलं, मी एकलीनंच केलं. घास गिळंना." तिनं तुकड्याची घडी घालून कमरेला खोचली. "निखारे माझे, प्लास्टिक तुमचं. जाऊ द्या. जगलीत दोघं."

"हाव, वैनी."

आतून लेकराच्या रडण्याचा आवाज आला. दूध मागत होतं. कस्तुराबाई उठली, दारापर्यंत गेली आणि मागे वळली.

"उद्या दहाला घरी सोडणार हायत. खिडकी फाडून ठेवलीय तुम्ही. त्याच्या आत लागली पाह्यजे, लेकराला गार लागंल."

खाजाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मी लावू?"

"मग काय लातूरहून माणूस आणू?" असं म्हणून ती आत गेली.