फ्रिजमधलं इन्सुलिन

सन १९९४. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नंदा काचेचं पात्र गरम पाण्यात धरून बसली होती. आतला द्रव थंड असताना निवळ दिसे. अंगाइतकी ऊब मिळाली की दुधासारखा पांढरा होई. पॉलिमरचे डोळ्यांना न दिसणारे मऊ कण होते ते. उबेत आकसत, आम्लात मिटून राहत आणि आम्ल सरलं की फुगून आतलं औषध सोडत. जठरात मिटून आतड्यात उघडणं त्यांना नीट साधलं, तर इन्सुलिन सुईऐवजी गोळीतून देता येईल, अशी साहेबांना आशा होती.

नंदाच्या धाकट्या बहिणीला, रतनला, लहानपणापासून साखरेचा आजार. नंदाने एकदा जेवताना गोळीचं बोलून दाखवलं आणि आईने लगेच स्थळं पाहायला घेतली.

"गोळी येतेच आहे की! तोवर सुई गुपचूप घेईल. सांगून कोण करणार आहे पोरीला?"

गोळीला अजून कितीतरी वर्षं लागतील, कदाचित जमणारही नाही, असं नंदा सांगत राहिली. ऐकतंय कोण! आजारी मुलीपेक्षा बिनलग्नाची मुलगी घराला जड वाटते ना आपल्याकडे. रतनला डोंबिवलीत दिली. निघताना आईने तिला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली, आजाराचं सासरी कुणालाही कळू द्यायचं नाही.

त्या दुपारी प्रयोगशाळेत नंदाला फोन आला.

"मी शालू, रतनवहिनीच्या शेजारची. तिने गॅलरीतून निरोप दिलाय. म्हणाली, ताईला सांग, मी बाहेरची झालेय, बाटली फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागेच राहिली. कसली बाटली ते नाही बोलली. कालपासून उलट्या होतायत तिला."

ती बाटली फ्रिजमधून काढून रतनला दे, असं नंदाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण शालूला कळलं असतं, मग सगळ्या इमारतीला. "बरं, मी बघते," एवढंच ती म्हणाली आणि तडक खोपटला घरी आली.

"चार दिवसांचा तर प्रश्न," आई म्हणाली. "न्हाली की घेईल. आत्ता धावत गेलीस तर बिंग फुटेल, पोरीला माघारी धाडतील ते."

इन्सुलिन बंद झाल्यावर शरीराचं काय होतं, हे त्या घरात एकट्या नंदालाच ठाऊक होतं. तरी ती बसून राहिली. सकाळी जाऊ, म्हणाली.

सकाळी आईला घेऊन डोंबिवलीला पोचली तेव्हा रतनला खाली चटईवर ठेवलेलं होतं. नंदाला रडू आलं नाही.

"कशानं गेली हो?" कुणीतरी विचारलं.

"ताप आलेला," आई म्हणाली.

"ताप नव्हता." नंदाचा आवाज सपाट होता. "तिला साखर होती. आम्ही लपवली. औषध तुमच्या फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागे आहे. ती बाहेरची होती, म्हणून तिने हात लावला नाही."

आईने तोंडात पदर कोंबला. रतनची सासू स्वयंपाकघरात गेली, बाटली घेऊन आली आणि रतनच्या उशाशी बसली.

"अगं, सांगायचं नाही का गं बाई! औषधाला कुठे विटाळ असतो? मीच दिलं असतं की काढून."

"हो," नंदा म्हणाली. "पण हे तुम्ही तिला कधी सांगितलं होतंत?"