गिलांच्या शेतातले वरंबे

“माझ्या वरच्या शेतातून नळ जाणार नाही,” फेस्टस गिल म्हणाला आणि पुन्हा गाईच्या धारेकडे वळला. त्याच्या गोठ्यात आम्ही दोघं ताटकळत उभे होतो. नळयोजनेचा अध्यक्ष जॅक टूही आणि चिटणीस मी.

१९६८ साली आमच्या कॅरोबेग गावच्या तेवीस घरांत एकही नळ नव्हता. विहीर टेकडीच्या पायथ्याशी. माझी तीन पोरं लहान, चौथं पोटात, आणि रोजच्या आठ बादल्या. माझा तोल गेला.

“तुमचा एकटा जीव, फेस्टस. दोन बादल्यांत भागतं. आम्ही काय करायचं?”

“सरळ गेलो तर महिन्यात पाणी येतंय, बाबा,” जॅक म्हणाला. “नुसतं गवत तर आहे तिथं. नांगर तरी घातलास का कधी?”

“धार होऊ दे. मग चला.”

तो आम्हाला वर घेऊन गेला तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. एरवी सपाट दिसणाऱ्या त्या कुरणात, तिरप्या उन्हात, गवताखालून एकामागून एक वरंबे वर आले. पार या कडेपासून त्या कडेपर्यंत.

“माझ्या पणजीनं लावलेले बटाटे,” फेस्टस म्हणाला. “सव्वाशे वर्षांमागच्या त्या दुष्काळात पिकावर रोग पडला, सगळं जमिनीतच सडलं. काढायला कुणी गेलंच नाही. घरात सहा पोरं होती. माझा आजा तेवढा वाचला.”

दुष्काळाविषयी आमच्याकडे कुणी बोलत नसे. प्रत्येक घरात काही ना काही होतंच. जॅकनं बराच वेळ पाईप पेटवण्यात घालवला.

“बांधाकडेनं वळसा घ्यायचा तर दोनशे यार्ड वाढतात. खाली सगळा खडक. खणणार कोण?”

“मी.”

“बासष्टीचा झालास, गाढवा!”

“मग सावकाश खणीन.”

मी घरी आले ती धुमसतच. मेलेल्यांसाठी जित्यांनी बादल्या वाहायच्या! नवऱ्यापाशी मी फेस्टसबद्दल नाही नाही ते बोलले.

दुसऱ्या दिवसापासून पहारीचा आवाज येऊ लागला. चौथ्या दिवशी विहिरीवरून येताना मी बांधाशी थांबले. चर जेमतेम दहा यार्ड झाला होता. फेस्टसनं पहारीला फडकं गुंडाळलं होतं, आणि फडक्यावर रक्त होतं.

मी बादल्या खाली ठेवल्या. “द्या ते फावडं.”

“अगं पोरी, तुझी ही अवस्था...”

“माती ओढायला काय होतंय? तुम्ही खडक फोडा.”

मला शोधत नवरा आला. त्यानं आम्हा दोघांनाही एकच शिवी हासडली, कोट काढला आणि फावडं माझ्याकडून ओढून घेतलं. संध्याकाळी जॅक पहार घेऊन हजर. “सावकाश म्हणजे किती रे? हा नाताळ की पुढचा?” आठवड्याभरात चरात अकराजण झाले.

पाणी आलं तोवर धाकटी कडेवर आली होती. नळ आधी आमच्याकडे सुरू झाला. फेस्टस टोपी हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. मी पेला भरून दिला.

“चव नाही गं याला,” तो म्हणाला, आणि आणखी एक मागितला.

मग बाह्या सारून त्यानं नळाखाली हात धरले. तळव्यांच्या भेगांत माती बसली होती, ती काही निघत नव्हती. तरी तो धूतच राहिला. पाणी वाया चाललंय म्हणून पोरं ओरडू लागली. मी त्यांना बाहेर पिटाळलं आणि नळ तसाच चालू ठेवला.