सेगोहला रशियन नाव नाही

तंबूरच्या दांडीवर बांधलेला तो पडदा — आतड्याच्या तातीचा, बोटांच्या घामानं काळा पडलेला — शरोफतनं पुन्हा दाबला, तार छेडली, मग पियानोची एक पट्टी वाजवली, मग तिच्या शेजारची. सूर दोन्हींच्या मधे राहिला. कोमलही नाही, शुद्धही नाही... बुखाऱ्यात पियानो यायच्या कितीतरी आधीपासून तो तिथंच राहत आलेला, आणि आता ताश्कंदच्या या प्रकाशनगृहाला त्याच्यासाठी रशियन नाव हवं होतं.

मकामांवरच्या, म्हणजे तिकडच्या रागांवरच्या, उझ्बेक पाठ्यपुस्तकाचं तिनं केलेलं भाषांतर आज छापायला जायचं होतं. सगळं झालं होतं. त्या मधल्या सुराचा मकाम, 'सेगोह', तेवढा अडला होता. संपादक महकम-आकांनी सकाळीच समासात तोडगा लिहून दिला होता : किंचित उतरलेला मायनर.

उतरलेला — म्हणजे कुठून उतरलेला? आई बुखाऱ्यात लग्नघरी गायची, डफ मांडीवर घेऊन, नि तिचा सेगोह सुरू झाला की वरमाया हातातला चहा विसरायच्या. त्याच आईला सरकारी गायनवृंदाच्या परीक्षकानं पियानोवर बोट आपटून सांगितलं होतं, बाई, तुमचा सूर घसरतो. घरी येऊन आई पुलावासाठी गाजरं चिरत बसली. म्हणाली, त्या पेटीला गळा नाही, त्यात माझा काय दोष. पण त्यानंतर ती गायली नाही... आणि मी आता तेच बोट छापून द्यायचं, तेही माझ्या नावानिशी?

तिनं समासातला तोडगा खोडला, रशियन अक्षरांत 'सेगोह' एवढंच लिहिलं आणि पान महकम-आकांपुढे ठेवलं.

त्यांनी चष्मा वर सरकवला. "शरोफतखोन, मॉस्कोतल्या वाचकाला हे कसं कळायचं?"

"कळेपर्यंत ऐकेल. आपण नाही का 'मायनर' शिकलो?"

"वरचे लोक तुमचं नाव काढून भाषांतर दुसऱ्या कुणाकडून करून घेतील. मला अडवता येणार नाही."

"काढू देत, आका. पण 'उतरलेला' हा शब्द माझ्या हातून जाणार नाही."

महकम-आकांनी पान फक्त दोन्ही हातांनी सरळ केलं.

ती ट्रामच्या थांब्यावर येऊन उभी राहिली. भीती होतीच — नोकरीची, उद्याची. पण नेहमीसारखं मनात माफीची वाक्यं जुळवणं आज सुरूच झालं नव्हतं. त्या रिकाम्या जागेत कसलातरी राग उभा होता, ताठ, स्वच्छ, आणि तो तिला अजिबात आवरायचा नव्हता...