फीत कापण्याआधीचं पाणी

यंत्र उत्तम चालत होतं. घोडं अडलं होतं ते उद्घाटनावर. विजेच्या प्रखर ठिणग्यांनी, म्हणजे प्लाझ्माने, खाडीच्या खाऱ्या पाण्यातलं मीठ वेगळं काढून जंतू मारणारं ते केंद्र तयार उभं होतं. तपासणीत पाणी पिण्याजोगं ठरलं होतं. पण मोठ्या पाहुण्यांना सवड मिळेना. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! कधी पाहुण्यांचा दौरा, कधी मांडववाल्याची अडचण.

बंद ठेवलं तर यंत्र बिघडतं, म्हणून केंद्रप्रमुख ते रोज चालवायचे आणि निघालेलं गोड पाणी परत खाडीत सोडायचे. वरून आदेशच तसा होता. फीत कापेपर्यंत थेंबही बाहेर द्यायचा नाही.

हे त्यांनी घरी सांगितलं, तेव्हा आई जेवता जेवता थांबली.

"तहान लागल्यावर विहीर खणणारे पाहिले होते रे. तुम्ही तर खणून वर झाकण ठेवलंत."

"आई, नियम आहे."

"पाहुणे काय, बाटलीतलं पितील. आपल्या गल्लीतली पोरं हापशाचं मचूळ पाणी पितात आणि सारखी पोट धरून बसतात. मला नको, त्यांना तरी दे."

"पुढच्या आठवड्यात नक्की होतंय," ते म्हणाले. आईचं म्हणणं त्यांना पटलं होतं, पण वरिष्ठांची मर्जी मोडायची हिंमत नव्हती. हे दुखणं आपल्यापैकी पुष्कळांचं आहे.

समारंभ पुन्हा लांबला आणि गल्लीत जुलाब-उलट्यांची साथ आली. पोरं दवाखान्यात जाऊन बरी झाली. आईचं थकलेलं शरीर मात्र टिकलं नाही. दवाखान्याची गाडी येईपर्यंत ती पाणी मागत होती, आणि केंद्रप्रमुखांनी माठातलं तेच हापशाचं पाणी तिच्या ओठांना लावलं. दुसरं घरात होतंच कुठे?

आईला स्मशानात पोचवून ते सरळ केंद्रावर गेले. खाडीकडची झडप बंद केली आणि रस्त्याकडचा नळ सोडला.

शिपायाने घाबरत विचारलं, "साहेब, उद्घाटन?"

"झालं," ते म्हणाले, आणि तिथेच पायरीवर बसून ढसाढसा रडले. बघता बघता नळावर हंडे-कळशा घेऊन गल्ली जमली.

वाचकहो, लोकांच्या जिवाची सोय तयार झाली, तर ती त्याच दिवशी लोकांच्या हाती द्या. फीत मागाहूनही कापता येते. केंद्रप्रमुखांना हे कळलं, पण घरी जाऊन ते सांगायला आई उरली नव्हती.